पगार मागितला तर खंडणी, मार खाल्ला तर खुनाचा प्रयत्न

पानिपतचं नाव काढलं की मराठी माणूस थेट १७६१ मध्ये जाऊन बसतो. दरवर्षी १४ जानेवारीला महाराष्ट्रातून गाड्या भरून लोक इथे काला आंबला येतात, फेटे बांधतात, घोषणा देतात, फोटो काढून परत जातात. माझं त्यांच्याशी भांडण नाही. पण मी इथे चिंध्यांच्या गोदामांत काम करणाऱ्या बायांवर पीएच.डी. करते आहे, आणि मला याच जी. टी. रोडवरची याच आठवड्यातली दुसरी एक तारीख आठवते. १२ जानेवारी २०२१. पानिपतहून दिल्लीकडे निघालं की तासाभरात कुंडली लागतं. सोनीपत जिल्ह्यातली ही औद्योगिक वसाहत. तिथे त्या दिवशी नोदीप कौर या दलित कामगार कार्यकर्तीला पोलिसांनी उचललं. तिला ठेवलं कर्नालच्या तुरुंगात, म्हणजे पानिपत ओलांडून पुढे. चार दिवसांनी तिच्या संघटनेच्या अध्यक्षाला, शिवकुमारला, नेलं. तोही दलित, सोनीपतजवळच्या देवडू गावचा, भूमिहीन घरातला.

सिंघू सीमेवरच्या शेतकरी आंदोलनावर तेव्हा सगळ्या देशाचे कॅमेरे रोखलेले होते. कुंडली त्या मंडपांना लागूनच. पण कॅमेऱ्यांना वसाहतीतल्या गल्ल्या दिसत नव्हत्या. लॉकडाऊननंतर शेकडो कामगारांचे पगार थकले होते. मजदूर अधिकार संघटना हे नव्या पोरापोरींनी उभं केलेलं छोटं संघटन. ते काय करायचं? ज्याचा पगार अडकलाय त्याला घेऊन वीस-पंचवीस जण कारखान्याच्या फाटकावर जायचे आणि हिशोब द्या म्हणायचे. कामगार आयुक्ताच्या कार्यालयात अर्ज सडण्यापेक्षा हे बरं. काही जणांचे पैसे त्यातून मिळालेही. नोदीप पंजाबच्या मुक्तसर जिल्ह्यातली, शेतमजुरांच्या चळवळीत असलेल्या आईची मुलगी. कुंडलीत ती स्वतः कारखान्यात काम करत होती.

मग २८ डिसेंबर २०२०. मागणी घेऊन गेलेल्या कामगारांना उद्योजकांनी नेमलेल्या खासगी पथकानं अडवलं, मारलं, गोळी झाडली, असा कामगारांचा आरोप. गुन्हा कोणावर? कामगारांवर. १२ जानेवारीला पुन्हा तसंच झालं. या वेळी पोलिसांशी झटापट झाली, काही पोलीस जखमी झाले असं पोलिसांनी सांगितलं, आणि नोदीपवर एकूण तीन गुन्हे उभे राहिले. भारतीय दंड संहितेची कलमं वाचा, कारण आपल्यातल्या प्रत्येकाला कधी ना कधी ती वाचावी लागतात: दंगल, सरकारी कामात अडथळा, सरकारी नोकराला दुखापत, खुनाचा प्रयत्न म्हणजे ३०७. आणि ३८४.

३८४ म्हणजे खंडणी.

केलेल्या कामाचा पगार कामगारानं मागितला. मालकाला तो द्यायचा नव्हता. पोलिसांच्या कागदावर त्या मागण्याचं नाव खंडणी झालं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभा या एका कलमात आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी बलुत्याचा वाटा मागितला की गाव म्हणायचं, माजलेत. इथे तेच विधान पोलीस ठाण्याच्या शिक्क्यासह आलं.

आता जखमी पोलिसांबद्दल. आपल्या बाजूचे लोक इथे घाईनं म्हणतात की पोलीस खोटंच सांगतात, कोणी जखमी झालं नव्हतं. मी तसं म्हणणार नाही. झटापटीत काठ्या चालल्या तर कोणाच्याही डोक्याला लागू शकतं. २५ जुलै २००५ ला गुडगावात होंडाच्या कामगारांना मिनी सचिवालयाच्या आवारात घेरून गुरासारखं बडवलं, ते देशानं टीव्हीवर पाहिलं. पण त्याच दिवशी त्याआधीच्या झटापटीत अधिकारी आणि पोलीसही जखमी झाले होते, हेही खरंच आहे. जखम ही जखम असते. माझा मामेभाऊ राज्य राखीव पोलीस दलात आहे. बंदोबस्तावरून तो घरी येतो तेव्हा त्याचे पाय सुजलेले असतात, आणि एकदा त्याच्या भुवईवर पाच टाके होते. ते टाके खोटे नव्हते.

माझा प्रश्न वेगळा आहे. कोणाची जखम किती वेळात कागदावर येते? पोलिसाची जखम त्याच संध्याकाळी सरकारी दवाखान्यात नोंदली जाते, रात्री एफआयआरमध्ये येते, आणि सकाळी पेपरात तिचा आकडा छापून येतो. ती जखम पुरावा होते आणि तिच्या बळावर चाळीस-पन्नास जणांना जामीन नाकारता येतो. कामगाराची जखम मात्र कागदावर यायला उच्च न्यायालय लागतं.

शिवकुमारचं पाहा. पोलिसांच्या नोंदीत त्याची अटक २३ जानेवारीची. त्याचं म्हणणं होतं की १६ जानेवारीलाच उचललं, सात दिवस बेकायदा डांबून ठेवलं, हातपाय बांधून मारलं, जातीवरून शिव्या दिल्या. त्यानंतर सोनीपतच्या सरकारी डॉक्टरांनी आणि तुरुंगाच्या डॉक्टरनं त्याला तपासलं, एकदा नव्हे, अनेकदा. कागदावर जखम नाही. मग त्याच्या वडिलांनी पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयात धाव घेतली, न्यायालयानं चंदीगडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात तपासणी करायला लावली, आणि तिथल्या डॉक्टरांना हाताची आणि पायाची मोडलेली हाडं दिसली, नखं उखडलेली दिसली. माणूस तोच, हाडं तीच. डॉक्टर बदलला, जिल्हा बदलला, तर जखमा सापडल्या.

उच्च न्यायालयानं फरिदाबादच्या जिल्हा व सत्र न्यायाधीशांना चौकशी करायला सांगितलं. डिसेंबर २०२२ मध्ये त्या चौकशीचा अहवाल समोर आला. बेकायदा कोठडी खरी, मारहाण खरी. अहवालानं पोलिसांवर तर बोट ठेवलंच, पण ज्या डॉक्टरांनी जखमा लिहिल्या नाहीत त्यांच्यावरही ठेवलं, आणि ज्या न्यायदंडाधिकाऱ्यासमोर त्याला उभं केलं होतं त्यानं आपलं काम नीट केलं नाही, असंही नोंदवलं. यातलं शेवटचं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पोलिसाची लाठी एकटी काही करू शकत नाही. तिला पाहून मान दुसरीकडे वळवणारा डॉक्टर लागतो, रिमांडच्या कागदावर वर न बघता सही करणारा दंडाधिकारी लागतो. हे सगळे शिकलेले लोक आहेत. पदवीधर आहेत.

नोदीपचंही तसंच. तिनं सांगितलं की कोठडीत पुरुष पोलिसांनी मारलं, शरीरावर नको तिथे मारलं, जातीवरून घाण बोलले. पोलिसांनी सगळं नाकारलं. तिची वैद्यकीय तपासणी २५ जानेवारीला झाली, म्हणजे अटकेनंतर तेरा दिवसांनी. तिसऱ्या गुन्ह्यात २६ फेब्रुवारी २०२१ ला उच्च न्यायालयानं जामीन देताना म्हटलं की ३०७ आणि खंडणीची कलमं इथे लागू होतात का, हाच वादाचा मुद्दा आहे. दीड महिना तुरुंगात काढल्यावर. शिवकुमार मार्चच्या पहिल्या आठवड्यात सुटला.

हे फक्त हरियाणातच होतं असं समजू नका, आणि फक्त भारतातही नाही. इंग्लंडमध्ये १९८४-८५ साली खाण कामगारांचा वर्षभराचा संप झाला. १८ जून १९८४ ला यॉर्कशरमधल्या ऑरग्रीव्ह इथल्या कोक कारखान्यापुढे हजारो खाणकामगार आणि हजारो पोलीस समोरासमोर आले. घोडदळ घुसलं, लाठ्या चालल्या. अधिकृत आकडे सांगतात ७२ पोलीस जखमी, ५१ कामगार जखमी. हा आकडा वाचून कोणालाही वाटेल की मार पोलिसांनीच जास्त खाल्ला. बीबीसीच्या त्या रात्रीच्या बातमीत आधी कामगारांची दगडफेक आणि नंतर घोडे असा क्रम दिसला. प्रत्यक्षात क्रम उलटा होता. ते अनवधानानं झालं, असं बीबीसीनं पुढे सांगितलं. ९५ कामगारांवर गंभीर गुन्हे लावले, त्यांतल्या दंगलीच्या गुन्ह्याला तेव्हा जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. १९८५ मध्ये खटला उभा राहिला आणि कोसळला, कारण वेगवेगळ्या पोलिसांच्या जबाबांत तीच ती वाक्यं शब्दशः निघाली. कोणीतरी सांगितलं होतं आणि त्यांनी लिहून घेतलं होतं. १९९१ मध्ये पोलीस दलानं ३९ कामगारांना सव्वाचार लाख पौंड भरपाई दिली, पण चूक मान्य केली नाही. एकाही पोलिसाला शिक्षा झाली नाही. सरकारनं चौकशी जाहीर केली ती जुलै २०२५ मध्ये, एक्केचाळीस वर्षांनी.

ते कामगार गोरे होते, त्यांची युनियन देशातली सर्वांत ताकदवान होती. तरीही एक्केचाळीस वर्षं. आता कुंडलीतल्या, मानेसरातल्या कंत्राटी कामगाराचा हिशोब तुम्हीच लावा.

मानेसरचा विषय निघालाच आहे तर तोही सांगते. मारुतीच्या कारखान्यातला १८ जुलै २०१२ चा दिवस. युनियनच्या म्हणण्यानुसार सुरुवात झाली ती एका सुपरवायझरनं जियालाल या दलित कामगाराला जातीवाचक बोलण्यावरून. निलंबित झाला तो जियालाल. संध्याकाळपर्यंत हाणामारी, आग, आणि त्यात कंपनीचे एक अधिकारी, अवनीशकुमार देव, मरण पावले. तो मृत्यू भयंकर होता, त्याचं समर्थन कोणी करू नये. पण पुढे काय झालं? १४८ कामगार पकडले. मार्च २०१७ मध्ये न्यायालयानं ३१ जणांना दोषी ठरवलं, त्यांतल्या १३ जणांना जन्मठेप, जियालालसकट. उरलेले ११७ निर्दोष सुटले. साक्षीदारांनी कामगारांची नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं घेतली होती, म्हणजे पहिल्या साक्षीदारानं सुरुवातीच्या अक्षरांची माणसं पाहिली, पुढच्यानं पुढच्या अक्षरांची! दंगलीत माणसं हजेरीपटाच्या क्रमानं उभी होती, यावर विश्वास ठेवायला सांगत होते. त्या निर्दोष माणसांतल्या अनेकांनी दोन-दोन, चार-चार वर्षं तुरुंगात काढली. जियालाल २०२१ मध्ये कॅन्सरनं गेला. ज्या जातीवाचक शब्दावरून हे सुरू झालं असं युनियन सांगत होती, त्या शब्दाची बातम्यांमध्ये एक ओळ झाली आणि मग तीही गेली.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला शिकवलं गेलं की कामगार म्हणजे वर्ग आणि दलित म्हणजे जात, आणि या दोन स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहेत. बाबासाहेबांनी हे वेगळं कधी मानलंच नाही. १९३८ मध्ये मुंबई सरकारनं औद्योगिक कलह विधेयक आणलं, ज्यात काही संप बेकायदा ठरणार होते. बाबासाहेबांनी विधिमंडळात त्याला कडाडून विरोध केला. त्यांचा मुद्दा साधा होता: संपाचा हक्क हे स्वातंत्र्याचंच दुसरं नाव आहे; माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध राबवून घेणं म्हणजे गुलामी. ७ नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्षानं कम्युनिस्टांबरोबर एक दिवसाचा संप केला. पोलिसांनी गोळीबार केला. तेव्हा सरकार इंग्रजांचं होतं, पण मंत्रिमंडळ काँग्रेसचं, खादीतलं. जे लोक बाबासाहेबांना फक्त संविधानाच्या प्रतीत बंद करून ठेवतात त्यांनी हा दिवसही आठवावा.

आता त्या माझ्या मामेभावाकडे परत येते, कारण हे वाचणाऱ्यांतले कितीतरी जण सकाळी पाचला उठून पोलीस भरतीसाठी धावत असतील. तुमच्यापैकी कोणाच्या घरातला पहिला पगार खाकीतूनच आला असेल. पोलीस म्हणजे शत्रू, असं मी तुम्हाला सांगणार नाही. ते बोलणं पुण्या-मुंबईतल्या, घरात चार पिढ्या पदव्या असलेल्या क्रांतिकारकांना परवडतं. पण एवढं पाहा. बंदोबस्तात पहिल्या रांगेत कोण उभं असतं? ज्याला सुट्टी मिळत नाही, ज्याची ड्युटी बारा-बारा तास चालते, तो शिपाई. दगड त्याला लागतो. आदेश देणारा अधिकारी गाडीजवळ असतो. आणि दगड लागला की त्या शिपायाच्या जखमेचा मालक अधिकारी होतो. तिच्यावर कोणती कलमं लावायची, किती अनोळखी आरोपी लिहायचे, हे शिपाई ठरवत नाही. शिपायानं आपल्या हालांबद्दल संघटना करायची म्हटली तर १९६६ चा कायदा आडवा येतो. मुंबईच्या पोलिसांनी ते करून पाहिलं होतं. १८ ऑगस्ट १९८२, गिरणी कामगारांचा संप चालू असताना मुंबईत पोलीसच रस्त्यावर उतरले. सरकारनं सैन्य बोलावलं, पोलिसांच्या संघटनेची मान्यता काढली, कित्येकांना बडतर्फ केलं. ज्या हातांनी संपकऱ्यांवर लाठी चालवायची तेच हात संपावर गेले, तेव्हा त्यांनाही तीच वागणूक मिळाली. शिपायाच्या जखमेबद्दल सरकारला खरोखर कळवळा असता तर त्याच्या ड्युटीचे तास आधी कमी झाले असते.

मराठी वाचकाला परभणी सांगायची गरज नाही, पण सोनीपत आणि परभणी शेजारी ठेवून पाहा. डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, बंद झाला, त्याला हिंसक वळण लागलं, मग वस्त्यांमध्ये धरपकड झाली. सोमनाथ सूर्यवंशी, कायद्याचा विद्यार्थी, वडार समाजातला, आपल्यासारखाच शिकायला धडपडणारा. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनाच्या अहवालात अनेक जखमांमुळे धक्का बसून मृत्यू, असं आलं. आणि मुख्यमंत्र्यांनी सभागृहात काय सांगितलं? दंडाधिकाऱ्यासमोर विचारलं तेव्हा त्यानं मारहाणीची तक्रार केली नव्हती, त्याला श्वसनाचा आजार होता. पुन्हा तोच दंडाधिकाऱ्यासमोरचा प्रश्न. ज्या पोलिसांनी मारलं तेच दोन्ही बाजूंना उभे असताना, पुन्हा त्यांच्याच गाडीतून परत जायचं असताना, ‘काही तक्रार आहे का’ या प्रश्नाला माणूस काय उत्तर देईल? सोमनाथच्या आईनं, विजयाबाईंनी, सरकारची दहा लाखांची मदत नाकारली आणि न्यायालयात गेल्या. जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठानं पोलिसांवर गुन्हा नोंदवायला सांगितलं, आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथेही हरलं. एका आईनं साधा एफआयआर मागितला, तर राज्य सरकार देशातल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत आडवं आलं.

‘चौकशी होऊ द्या, तक्रार करायला यंत्रणा आहेत’ असं म्हणणारे आपल्यातही वाढलेत, म्हणून यंत्रणांबद्दलही बोलते. डी. के. बसू निकालानं १९९६ मध्ये सांगितलं की कोठडीतल्या माणसाची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. शिवकुमारची तपासणी झाली की! कागदावर नियम पाळला गेला. २००६ च्या प्रकाश सिंग निकालानं प्रत्येक राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरण सांगितलं. २ डिसेंबर २०२० ला, म्हणजे कुंडलीच्या सहा आठवडे आधी, सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक ठाण्यात, कोठडीत, कॉरिडॉरमध्ये कॅमेरे लावायला सांगितले आणि चित्रीकरण जपून ठेवायलाही सांगितलं. छळाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारतानं १९९७ मध्ये सही केली, पण आजतागायत मंजुरी दिलेली नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम ४ कर्तव्यात कसूर करणाऱ्या सरकारी नोकराला शिक्षा सांगतं. तुमच्या तालुक्यात ते कलम कधी लागलेलं पाहिलंय का, हे विचारून बघा.

तरी काही गोष्टी हातात आहेत, आणि त्या वकिलाची फी न देता करता येतात. अटक झालेल्या माणसाच्या तपासणीच्या अहवालाची प्रत त्याला किंवा त्यानं सांगितलेल्या माणसाला मिळाली पाहिजे. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ मध्ये हे होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ मध्ये आहे. ती प्रत मागा, लेखी मागा, त्याच दिवशी मागा. उचलल्याची वेळ आणि अटक दाखवल्याची वेळ यांतलं अंतर लगेच तारीख-वेळेसह अर्ज करून, ई-मेल करून नोंदवा. नोदीपच्या प्रकरणात उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली ती त्यांच्याकडे आलेल्या ई-मेलांवरूनच. आणि तुमच्यापैकी जो एमबीबीएस होऊन ग्रामीण रुग्णालयात बसलाय, जो न्यायिक सेवेची परीक्षा देतोय, त्याला मी वेगळं काय सांगू. शिवकुमारचे मोडलेले पाय कधीतरी तुझ्या टेबलासमोर येतील, शेजारी हवालदार उभा असेल, त्याला घाई असेल. त्याला खोलीबाहेर थांबायला सांगण्याचा अधिकार तुला आहे.

पानिपतातल्या गोदामांत परदेशांतून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग असतात. बाया जमिनीवर बसून त्यांची बटणं, चेन कापून काढतात, रंगावारी ढीग लावतात. मग त्याचं सूत होतं, घोंगड्या होतात. मी ज्यांच्याशी बोलते त्यांतल्या बहुतेक दलित किंवा मुसलमान, काही बिहारच्या, काही उत्तर प्रदेशच्या. एकीचा दोन महिन्यांचा हिशोब राहिला होता. मी विचारलं, चार जणी मिळून मालकाकडे का जात नाही? ती म्हणाली, पोलीस बोलावतील. तिनं कुंडलीचं नाव ऐकलेलं नव्हतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे आता कुठल्याही आस्थापनेत संपाआधी चौदा दिवसांची नोटीस हवी, आणि निम्म्याहून जास्त कामगारांनी एकदम रजा घेतली तरी तो संपच. नोटीस न देता बसलात तर संप बेकायदा, दंड आहे, तुरुंगही आहे. त्या बाईकडे नेमणुकीचं पत्र नाही, हजेरीपटावर तिचं नाव नाही, मालकाचं पूर्ण नाव तिला ठाऊक नाही. ती चौदा दिवसांची नोटीस कोणाच्या नावानं लिहिणार, हे मी इथल्या एका कामगार निरीक्षकाला विचारलं. तो म्हणाला, मॅडम, आप रिसर्च कीजिए.